सोलापुरातलं काडतुसांचं दुकान: दुकानाला पाच स्टार, काडतुसांच्या रेशनिंगला माझा विरोध

आधीच सांगतो, दुकानाचं नाव आणि गल्ली मी इथं टाकणार नाही. बंदुका-काडतुसांचं दुकान आहे, आत काय माल असतो याची जाहिरात नको असं मालकांचं म्हणणं आहे आणि ते एकदम बरोबर आहे. सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांना दुकान माहीतच आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांचं तिथं काम पण नाही (एअरगनवाले सोडून, त्यांचं खाली लिहिलंय). दुकानाला पाच पैकी पाच. पण नुसतं दुकान चांगलं म्हणून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल, कारण तिथं जाऊन आल्यावर डोक्यात राहतं ते दुकान नाही, त्या दुकानाभोवती जे नियम आवळलेत ते राहतात.

माझ्याकडे बारा बोअरची डबल बॅरल आहे, वडिलांची, त्यांच्या माघारी माझ्या नावावर झाली. शेत नान्नजच्या पट्ट्यात. नान्नज म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, सोनाका द्राक्ष आणि माळढोक. आम्ही गावात राहत नाही, वस्तीवर राहतो, सगळ्यात जवळचं दुसरं घर हाक मारली तर ऐकू जाणार नाही इतकं लांब. मोटारीची केबल चोरीला जाणं, रात्री कुत्री एकदम भुंकायला लागणं, द्राक्ष उतरायच्या टायमाला अनोळखी गाड्या बांधावर थांबणं हे ज्याने बघितलंय त्याला बंदूक कशाला हे सांगावं लागत नाही. पोलिस चांगले आहेत पण ते येईपर्यंत काय.

तर दुकान. बाहेरून साधी पाटी, आत लाकडी काउंटर, मागे लोखंडी दाराची खोली. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गेलं की "या की ओ मालक, बसा, लायसन्स आणलाव का?" एवढंच. लायसन्स हातात घेतात, पहिलं पान ते शेवटचं पान बघतात, मुदत बघतात, युआयएन नंबर (प्रत्येक लायसन्सचा स्वतःचा वेगळा नंबर) बघतात, फोटो आणि तोंड बघतात. दर वेळी. मी इतकी वर्षं जातोय, माझे वडील पण तिथंच जायचे, तरी मला ओळखतात म्हणून एक पान कमी बघितलंय असं कधी झालं नाही. झेरॉक्सवर माल नाही, मोबाईलमधल्या फोटोवर नाही, "भावाचं लायसन्स आहे तो बाहेर गाडीत बसलाय" यावर तर नाहीच. एकदा माझ्यासमोर एक पुढारी टाइप माणूस कोणाकडून तरी फोन लावून देत होता, अण्णांनी फोन हातात पण घेतला नाही. "लायसन्स ज्याचं त्यांनी यावं की ओ, चहा पाजतो" एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मग काडतुसं. हे जरा डिटेलमध्ये लिहितो कारण दुकानाचा खरा दर्जा इथं कळतो. आपल्याकडे छऱ्याचं काडतूस म्हणजे मुख्यतः खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान. खडकी म्हणजे आपल्या पुण्याची ॲम्युनिशन फॅक्टरी, आधी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होती, १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या तेव्हापासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. अण्णा पेटी उघडून नुसती पेटी सरकवत नाहीत. पांढऱ्या फडक्यावर एकेक काडतूस ठेवतात, तोंडाची घडी अंगठ्याने दाबून बघतात, पितळी बुडाला हिरवा डाग आहे का बघतात, मग त्यांच्याकडे एक पितळी रिंग आहे, नळीच्या मापाची, त्यातून प्रत्येक काडतूस खाली सोडतात. आपोआप घसरून खाली पडलं तर पास. जरा जरी अडलं, अंगठ्याने ढकलावं लागलं, तर बाजूला. दमट हवेत फुगलेलं काडतूस नळीत अडकलं की काय होतं ते रात्री अंधारात कळण्यापेक्षा इथं काउंटरवर कळलेलं बरं. बाजूला काढलेलं काडतूस ते बदलून देतात, कुरकुर नाही. त्यानंतर रजिस्टरमध्ये नोंद, लायसन्सच्या पानावर नोंद, तारीख, नग, शिक्का, सही, आणि पक्कं बिल. हे सगळं निवांत होतं, घाईत असाल तर जाऊ नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लायसन्सवर दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात एकूण किती घ्यायची. माझ्या लायसन्सवर एका वेळी २५ आणि वर्षाला ५०. वडिलांच्या काळापासूनचे आकडे, नावावर होताना तसेच पुढं आले, का तेवढेच याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नाही. जरा विचार करा, ५० काडतुसं म्हणजे किती. ट्रॅप शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने फोडायच्या खेळाच्या, एका क्वालिफिकेशनला १२५ टार्गेट असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राँझ मिळवलं ना, त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या क्वालिफिकेशनलाच ६० गोळ्या मार्कांच्या लागतात, वर आधीच्या सायटर, म्हणजे नेम जुळवायच्या बिनमार्कांच्या गोळ्या, वेगळ्या. म्हणजे एका माणसाच्या एका दुपारच्या मॅचला जेवढं लागतं तेवढं पण मला अख्ख्या वर्षात नाही, आणि त्यातलंच राखून पण ठेवायचं, कारण घरात ठेवलेली काडतुसं सरावात संपवली तर वेळेला नळीत काय घालणार?

कोणी म्हणेल तो ऑलिम्पिकचा खेळाडू, तू शेतकरी. मान्य. खेळाडूंचा कोटा वेगळा आहे आणि केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आणखी वाढवला पण. चांगलं केलं, मी त्याचं स्वागतच करतो, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, अंजली भागवत यांच्या महाराष्ट्रात गोळ्यांसाठी पोरं अडू नयेत. पण याचा अर्थ सरकारलाच मान्य आहे की बंदूक हातात असलेल्या माणसाला सराव लागतो आणि सरावाला काडतुसं लागतात. मग हेच तत्त्व वस्तीवर राहणाऱ्या माणसाला का लागू नाही? खेळाडूचा नेम चुकला तर मार्क जातो. माझा चुकला तर काय जाईल? अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, बायको-पोरं मागे उभी असताना ज्याला बंदूक उचलायची वेळ येऊ शकते त्याने वर्षात दोन-चार बार काढावेत आणि बाकी कपाटात जपून ठेवावेत, यात लोकांची सुरक्षितता कुठून आली हे मला कोणीतरी समजावून सांगा. मला तर उलटं दिसतं. नवीन नियमांत लायसन्स मागणाऱ्याला सेफ्टी ट्रेनिंग करायला लावतात, ते योग्यच आहे, पण ट्रेनिंग एकदा घेऊन नंतर वर्षानुवर्षं बंदूक खांद्याला लागली नाही तर त्या ट्रेनिंगचं काय राहतं.

दुसरं म्हणजे जुना माल. कोटा कमी म्हणून लोक काडतूस वापरतच नाहीत. आमच्या भागात असे लायसन्सवाले आहेत ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची काडतुसं पत्र्याच्या डब्यात पडून आहेत, कागदी केसची, पावसाळ्यात फुगलेली, उन्हाळ्यात वाळलेली. अण्णा सगळ्यांना सांगतात दर दोन-तीन वर्षांनी जुनी संपवा नवी घ्या, पण संपवायची कुठं आणि नवी मिळायची किती, म्हणून लोक ऐकत नाहीत. फुसकं काडतूस म्हणजे धोका, चाप ओढल्यावर बार झाला नाही म्हणून माणूस बंदूक लगेच उघडून बघतो आणि बार उशिरा होतो, असे हात गेलेले लोक अण्णांनी बघितलेत. तेव्हा नियम सुरक्षिततेसाठी आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पत्र्याच्या डब्यात डोकावावं.

कोणी गैरसमज करून घेऊ नका, मला कायदाच नको असं माझं म्हणणं नाही. लायसन्स देताना माणसाची कसून चौकशी करा, गुन्हे बघा, दारूचं बघा, घरात भांडणं आहेत का बघा, शेजाऱ्यांना विचारा. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, २०१६ चे नियम आहेत, त्यात हे सगळं आहे आणि मी एका शब्दाने विरोध करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं केलं, त्याला तर मी दोन्ही हातांनी पाठिंबा देतो, त्या आनंदाच्या बारांनी छतावर उभी असलेली लेकरं गेलीत देशात. माझा विरोध एवढ्यालाच आहे की एकदा सरकारने माणूस तपासून, पोलिस रिपोर्ट घेऊन, सही-शिक्क्यानिशी "हा माणूस बंदूक बाळगायला लायक आहे" असं लिहून दिलं, की त्यानंतर त्याच माणसाला काडतुसाच्या काउंटरवर पुन्हा संशयित धरायचं नाही. बंदुकीवर विश्वास आणि काडतुसावर अविश्वास हे गणित मला कधी जुळलंच नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं सांगतात ते गुन्हेगार या दुकानात येतच नाहीत हो. बातम्या वाचा, कुठं गोळीबार झाला की "गावठी कट्टा जप्त, जिवंत काडतुसं जप्त" हेच असतं. एनसीआरबीच्या, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, आकडेवारीत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बंदुकीने होणाऱ्या खुनांत बिनलायसन्सी हत्यारांचा वाटा लायसन्सवाल्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. कट्टा घेणारा माणूस रजिस्टरमध्ये सही करून, लायसन्सवर शिक्का मारून घेऊन काडतूस नेत नाही. मग रजिस्टर आणखी जाड करून कोणाला अडवलं? मला आणि माझ्यासारख्यांना.

आमच्या भागातल्या लोकांना तर आणखी एक जास्तीचा नियम आहे, बाहेरच्यांना माहीत नसेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३४. अभयारण्यात किंवा अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं, आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन्स मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नाही. आता आमचं माळढोक अभयारण्य १९७९ ला जाहीर झालं तेव्हा केवढं होतं माहितीये? ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर मिळून, त्यात गावंच्या गावं, शहरं, कारखाने सगळं आलं. पुढं सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोपर्यंत जमिनीचे व्यवहार अडले, कर्ज अडली, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. माळढोक वाचला पाहिजे, काळवीट वाचलं पाहिजे, यात माझं दुमत नाही, काळवीट ज्वारीत शिरलं तरी मी बंदुकीला हात लावत नाही आणि कोणी लावू पण नये, तो गुन्हा आहे. पण कागदावर रेघ मारताना माणसं कुठं राहतात हे न बघता मारली की काय होतं ते आम्ही चांगलं बघितलंय, म्हणून काडतुसांच्या आकड्याबद्दल पण "साहेबांनी ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असेल" असं मला वाटत नाही.

करमाळ्याची आठवण करून देतो. २०२० च्या डिसेंबरात नरभक्षक बिबट्याने तिथं काय दहशत घातली होती, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरायला तयार नव्हत्या, लोक संध्याकाळी पाचला दारं लावून घ्यायचे. शेवटी वनखात्याच्या परवानगीने त्याला गोळी घालून मारावं लागलं, आणि ते काम जिल्ह्यातल्याच एका अनुभवी खासगी नेमबाजाने केलं. तो नेम वर्षाला ५० काडतुसांवर बसलेला नाही. उद्या अशी वेळ परत आली आणि जिल्ह्यात नेम असलेला माणूसच उरला नसला तर कोणाला बोलवायचं?

अमेरिकेत पण हाच वाद पेटलाय, तिथल्या नेमबाजांच्या बातम्या मी वाचतो म्हणून माहीत. कॅलिफोर्नियात २०१६ ला प्रपोझिशन ६३ म्हणून मतदारांनी एक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१९ पासून तिथं प्रत्येक वेळी काडतुसं घेताना बॅकग्राउंड चेक सुरू झाला, ऑनलाइन मागवून थेट घरी घेता येत नाही, दुसऱ्या राज्यातून आणता येत नाही. त्याच्या विरोधात कोर्टात कोण गेलं तर किम रोड, सलग सहा ऑलिम्पिकमध्ये सहा मेडल घेणारी नेमबाज बाई. रेकॉर्डमधला पत्ता किंवा नाव जुळलं नाही म्हणून सरळ साध्या कायदेशीर लोकांना दुकानातून परत पाठवलं जायचं, हा त्या केसमधला एक मोठा मुद्दा. जानेवारी २०२४ मध्ये जज रॉजर बेनितेझ यांनी तो नियम घटनेविरुद्ध ठरवला आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाच्या तीन जजच्या बेंचने २ विरुद्ध १ असं तेच म्हटलं. त्यांच्या घटनेत शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे, आपल्या नाही, हे मला माहितीये, त्यामुळे तिकडचं सगळं इकडं चिकटवायचं नाही. पण रेकॉर्ड न जुळण्याचा त्रास मात्र अगदी सेम आहे. माझ्या मेव्हण्याचं आडनाव लायसन्सच्या पुस्तकात एका स्पेलिंगने आणि ऑनलाइन रेकॉर्डमध्ये दुसऱ्या स्पेलिंगने पडलं. चूक टाइप करणाऱ्याची. ती दुरुस्त होईपर्यंत कितीतरी महिने अण्णांनी त्याला एक काडतूस दिलं नाही, आणि देणार तरी कसं, देशभरचा डेटाबेस आहे, नंबर जुळला नाही तर त्यांचंच दुकान बंद. एका अक्षरापायी तो माणूस घरात रिकामी बंदूक घेऊन बसला होता.

आपल्या घटनेत हक्क नाही म्हणालो पण आपल्या लोकांच्या मनात तो नव्हता असं समजू नका. इंग्रजांनी १८७८ ला शस्त्र कायदा आणून हिंदी माणसाला नि:शस्त्र केलं, त्याविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षं आवाज उठला. १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथांनी तो घालायची मागणी केली, बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही, आणि बाबासाहेबांचा निर्णय मी मानतो, त्यांनी कारण दिलं, की असा हक्क मूलभूत केला तर गुंड-टोळ्यांना पण तो द्यावा लागेल. बरोबर आहे. पण त्या कारणात गुंड आहे, लायसन्स घेतलेला शेतकरी नाही. ज्या सोलापूरने १९३० ला मार्शल लॉ भोगला, चार हुतात्मे दिले, त्या गावच्या माणसाला सरकारला कारण विचारायची सवय असली पाहिजे.

परत दुकानाकडे. सेफ कस्टडीची सर्व्हिस अण्णांकडे एक नंबर. निवडणूक आली की बंदूक जमा करा असा निरोप येतो. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही, म्हणजे एका वर्षात दोनदा. खरं तर मुंबई हायकोर्टाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेता येत नाहीत, स्क्रीनिंग कमिटीने प्रत्येकाचं बघून ठरवायचं, पण निरोप यायचा तो येतोच आणि वाद घालण्यात कोणाला वेळ आहे. मी बंदूक अण्णांकडे जमा करतो कारण कायद्याने लायसन्स असलेल्या डीलरकडे पण जमा करता येते. ते नळीला आतून-बाहेरून तेल लावतात, कापडी पिशवीत घालतात, दस्त्याला चिठ्ठी, पक्की पावती, आणि परत घेताना माझ्यासमोर नळी उजेडाकडे धरून आत गंज नाही हे दाखवतात. फी माफक. ज्यांनी दुसरीकडे कुठं ठेवून दस्त्याला तडे गेलेले, नळीत लाल गंज चढलेला बघितलाय त्यांना याची किंमत कळेल. दुरुस्तीचं लायसन्स पण आहे, माझ्या डाव्या नळीची फायरिंग पिन झिजली होती ती बदलून दिली, काम नेटकं, वेळ थोडा जास्त लागला कारण पार्ट बाहेरून मागवावा लागला.

एअरगनचा सेक्शन पुढच्या बाजूला आहे. २० ज्यूलच्या आतली, .१७७ बोअरची एअरगन लायसन्सशिवाय मिळते, त्यामुळे तिथं पोरांची गर्दी असते. मी गेलो होतो तेव्हा शाळेतली एक मुलगी वडिलांबरोबर छऱ्याच्या डब्या घ्यायला आली होती, १० मीटर रायफल खेळते. तिने डबी काउंटरवरच्या कोऱ्या कागदावर ओतली आणि एकेक छरा बोटाने फिरवून मागचा घेर दबलाय का बघत होती. दबलेला छरा भरकटतो. अण्णा शांतपणे उभे, एवढा वेळ का लावतेस म्हणाले नाहीत, उलट टेबललॅम्प जवळ ओढून दिला. वडील म्हणाले पुढं पॉइंट टू टू ला (.२२ बोअरच्या खऱ्या गोळीच्या रायफलला) जायचंय, तर अण्णांनी त्यांना बसवून सगळं सांगितलं, क्लबचं मेंबर कसं व्हायचं, असोसिएशनकडून काय पत्र लागतं, गोळ्यांचा कोटा कसा मंजूर होतो, बाहेर देशाच्या गोळ्या साध्या दुकानातून मिळत नाहीत त्या कशा येतात. विकायला काही नसताना. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू टेन्शन येत गेलं ते मी बघत होतो. पोरीचा नेम बसवायचा की कागद जमवायचे? कपडे शिवणारा, चादरी विणणारा बाप या शहरात किती वेळा सुट्टी टाकून टेबलं फिरणार? हुशार पोरं इथंच गळतात.

आता दुकानाच्या तक्रारी पण लिहितो. व्हरायटी कमी आहे. काडतुसातल्या छऱ्याच्या आकारावरून प्रकार असतात, त्यातले ४ नंबर आणि एलजी मिळतात, ६ नंबर कधी असतो कधी नसतो, एसजी विचारून जा. ऐन दिवाळीच्या आसपास स्टॉक संपला होता. पण याला पण अण्णा जबाबदार नाहीत, त्यांच्या लायसन्सवर पण स्टॉकची मर्यादा आहे, माल आणायला परवानगी, वाहतुकीला परवानगी, आणि गिऱ्हाईकच कोट्यामुळे वर्षात एकदा-दोनदा येणार तर डीलर जास्त प्रकार ठेवणार कशाच्या जोरावर. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनच्या जागी दोनच हत्यारं केली, तेव्हा तिसरं हत्यार जमा करायला आलेले लोक याच काउंटरवर डोळ्यात पाणी आणून उभे होते असं अण्णा सांगतात, आजोबांच्या हातची बंदूक होती कोणाची. त्यांचा मुलगा म्हणतो मी हा धंदा पुढं चालवणार नाही. उद्या हे दुकान बंद झालं तर आम्ही काडतुसं कुठून आणायची, पुणे गाठायचं? कायदा न बदलता, कोणावर बंदी न घालता, नुसतं डीलर संपू दिले की लायसन्स असून नसल्यासारखं होतं. याची मला जास्त भीती वाटते.

पार्किंग नाही, टू व्हीलरवर जा. यूपीआय चालतं. दुपारी जेवायला बंद असतं. ओरिजिनल लायसन्स आणि आधार न्या, मुदत संपत आली असेल तर आधी रिन्यूचा अर्ज टाका, पाच वर्षं झाली म्हणजे पटकन लक्षात राहत नाही, अण्णा ते पण आठवण करून देतात. जुनी काडतुसं दाखवायला न्यायची असतील तर फोन करून विचारा कशी आणायची, पिशवीत टाकून एसटीने जाऊ नका.

आणि लायसन्सवाल्यांना एक सांगणं. आपल्या लायसन्सवरचा आकडा वाढवून मागायचा अर्ज करता येतो, शहरात पोलिस आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी. बरेच जण करतच नाहीत, कोण भानगडीत पडणार म्हणून. मी केलाय, कारण म्हणून सराव असं स्पष्ट लिहिलंय, वस्तीचं अंतर लिहिलंय, रेंजच्या मेंबरशिपची कॉपी जोडलीय. अण्णा नमुना देतात, पैसे घेत नाहीत. नामंजूर झाला तर कारण लेखी मागायचं आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करायचं, मी तेच करणार आहे. उत्तर, दक्षिण सोलापूर, मोहोळ, बार्शीकडचे जे कोणी लायसन्सवाले हे वाचतायत त्यांनी पण अर्ज टाका, एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, शंभर आले तर कोणालातरी आकड्यामागचं कारण द्यावंच लागेल.